वाढवायची झाडं

झाडाला खिळा मारणाऱ्या माणसाचा हात मला एकदा बघायचा आहे. नुसता बघायचा आहे, मारणार नाही. या वयात मारायचं म्हटलं तर माझाच हात खांद्यातून निखळायचा.

देवळाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि समोरच्या चिंचेच्या छातीवर पाटी दिसली. गुळगुळीत, चकचकीत, चार कोपऱ्यांना चार खिळे. वर 'निसर्गवाट', खाली चिंचेचं नाव, त्याखाली चिंचेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात देणगीदाराचं नाव. बुंध्याभोवती सिमेंटचा कठडा असा आवळलेला, जसं काही पोर मोठं झालं तरी आईनं बारशाचं झबलं अंगातून काढलंच नाही. वाटेवर लाल-पिवळ्या फरशा. मी विचारलं, पावसाचं पाणी मुळांपर्यंत जाणार कुठून. तर तिथला तरुण सेक्रेटरी म्हणाला, ड्रेनेज केलंय आजी, काळजी नको. बरं झालं. झाडं गटारातून पाणी पितात हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे देऊळ. आम्ही ख्रिस्ती, पण चर्च हा शब्द आमच्या घरात कधी आला नाही. देऊळच म्हणायचो. आज या वाटेचं उद्घाटन आहे आणि जुनं माणूस म्हणून मला सांगलीहून बोलावलंय. नातीनं गाडीनं आणलं. पाण्याची बाटली, गुलाबाचं फूल आणि एक पुस्तिका मिळाली. देवळाचा इतिहास. चष्मा पुसून चाळायला घेतली आणि एका पानावर माझा रक्तदाब चढला. 'येथे पूर्वीही अशीच एक वाट होती. परंतु माळ्याच्या चुकीमुळे तिच्यावरील जुनी झाडे तोडली गेली.'

माळ्याला नाव नाही. झाडांनाही नाव नाही. चुकीला मात्र अख्खी ओळ.

तो माळी म्हणजे माझे आप्पा. आणि चूक त्यांची नव्हती.

आप्पा मूळचे आटपाडीकडचे. तिकडं सावली म्हणजे एक तर बाभळीची, नाही तर स्वतःची. साताऱ्याला देवळाचा माळी म्हणून आले तेव्हा म्हणे पहिले दोन दिवस नुसते झाडाखालीच बसून राहिले होते. त्यांच्या हाताला शेण, गेरू आणि ओल्या काथ्याचा मिळून एक वास यायचा. आजही नर्सरीच्या दारात तो वास आला की मी कुणासाठी तरी मागं वळून बघते.

पावसाळा सरला की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. आळी सारखी करायची, खाली पाचोळा पसरायचा, वाळवीसाठी बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे द्यायचे. विहिरीच्या रहाटाची करकर ऐकली की आम्ही पोरं अंथरुणात ओळखायचो, आज जांभळाची पाळी. पाणी घालण्यापूर्वी आप्पा बुंध्यावर दोन टिचक्या मारायचे. दार वाजवल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नये, तसं.

पुस्तिकेतली ती पूर्वीची वाट आखली मिशनच्या मडमबाईंनी. गोऱ्या, उंच, उन्हानं नाक सोललेल्या. त्यांचं मराठी चांगलं होतं, फक्त झाडांची लिंगं त्यांना कधी जमली नाहीत. 'हा चिंच' आणि 'ही शिरीष' म्हणायच्या आणि आम्ही फ्रॉकच्या घेरात तोंड खुपसून हसायचो. देवळाच्या पायरीपासून घंटेच्या मनोऱ्यामागून, विहिरीला वळसा घालून, परत पायरीशी. वाटेवर मुरूम, कडेला तिरक्या विटा आणि सात मोठी झाडं. नाव 'ओळखीची वाट'. नव्या माणसानं प्रत्येक झाडाशी थांबून त्याचं नाव मोठ्यानं म्हणायचं, त्याशिवाय पुढं जायचं नाही, असा नियम. पत्र्याच्या पाट्या आप्पांनी काथ्यानं बांधलेल्या. दर वर्षी पावसाळ्यानंतर गाठ सोडून थोडी सैल करायचे. "झाडाचा कंबरपट्टा ढिला करू या," म्हणायचे. खिळा नाही. आप्पांनी झाडाला खिळा मारलेला मी कधी पाहिला नाही.

पाट्यांवरची अक्षरं माझी. इथं जरा हसून घेते, कारण तेव्हाची मी आज समोर आली तर तिचा कान पिळीन. अकरा-बारा वर्षांची, दोन शेपट्या, शेपट्यांना रिबिनी, आणि अक्षर असं की काना काढला की शेवटी कळी उमलायची. चिंचेतल्या च ला मी असा झोक द्यायचे की त्यावर पाखरू बसावं. सगळं आवार म्हणायचं, माळ्याच्या पोरीचं अक्षर बघा. आणि मी मान खाली घालायचे, पण अशी, की ती खाली घातलेली सगळ्यांना दिसावी.

सगळ्यांत लाडकं झाड बुचाचं. थंडीच्या तोंडाला सकाळी दार उघडलं की त्याच्याखाली पांढरा सडा. लांब दांड्यांची, गार, दवानं जड झालेली फुलं. वास असा की आधी वाटायचं कुणी जवळून गेलं. त्या दांड्या एकमेकींत गुंफून आम्ही बिनदोऱ्याची वेणी करायचो. शाळेत जाईपर्यंत ती कोमेजायची आणि वास मात्र पाटीला, पुस्तकाला, डब्यातल्या भाकरीला लागून राहायचा. त्याची साल इतकी मऊ की पोरं तिचा खोडरबर करायची. त्यावरून मी एकीशी महिनाभर बोलत नव्हते. शिवाय कवठ, ज्याची फळं पडली की धप आवाज व्हायचा आणि आत्या गुळाचा खडा शोधायला उठायची. शिरीषाच्या वाळल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळायच्या. रामफळ, करंज, जांभूळ. आणि फाटकाजवळ ही चिंच.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आम्ही देव बदलला होता, तिनं शब्द बदलले नव्हते. रॉकेल रेशनवर होतं, जेवणं झाली की ती म्हणायची, "दिवा वाढव गं." बांगडी फुटली की 'वाढवली', नारळ फोडायचा म्हणजे 'वाढवायचा', समोरचा वाणी दुकान बंद करायचा ते 'वाढवून'. आणि मी, कळीदार अक्षराची शहाणी, कमरेवर हात ठेवून तिला दुरुस्त करायची. दिवा विझव म्हण आत्या. बांगडी फुटली म्हण. मडमबाई म्हणतात, हे भित्र्या माणसांचं बोलणं. खऱ्याला खरं म्हणावं.

आत्या एकदाच म्हणाली, "म्हन बाई तू खरं. बघू किती दिस म्हनतीस."

त्या वर्षी दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालली होती. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली असायची आणि त्या धूर ओकत घाट चढायच्या. कोळशाला सोन्याचा भाव, म्हणून लाकडाचे ठेकेदार गावोगाव हिंडत होते. देवळाच्या पंचांनी मागच्या भिंतीकडच्या चार वठलेल्या बाभळी द्यायचं ठरवलं. चारच. नेमके तोडायच्या दिवशी पंच, पाळकसाहेब आणि त्यांच्या सामानासाठी आप्पा वाईला सभेला गेलेले. मडमबाई मायदेशी गेल्या होत्या, लढाईत अडकून राहिल्या होत्या. आत्याही दोन दिवस आटपाडीला गेलेली. जाताना आप्पा मला म्हणाले, सकाळी माणसं येतील, त्यांना मागच्या बाभळी दाखव आणि शाळेला जा.

एवढंच काम होतं. माकडाला जमलं असतं.

सकाळी माणसं आली. पुढं मेढ्याकडचा एक म्हातारा, सिदूबा, खांद्यावर कुऱ्हाड, पागोट्यात खोवलेली विडी. मागं लांब करवत घेतलेले सहा-सात जण आणि छत्री काखेत मारलेला ठेकेदार. शाळेत नाताळच्या गाण्यांची तालीम होती म्हणून मी नवा फ्रॉक घालून दारात उभी. सिदूबानं आवारावर नजर फिरवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "पोरी, वाढवायची कंची?"

आता ऐका. झाडाला हात लावण्यापूर्वी तिकडची ती जुनी माणसं 'तोड' हा शब्द तोंडातून काढत नसत. झाड ऐकतं म्हणून. त्याचं वाढवणं आणि आत्याचं दिवा वाढवणं एकच. पण आत्याचे शब्द मी दुरुस्त करून टाकले होते ना. माझ्या डोक्यात वाढवायचं म्हणजे वाढवायचं. मला वाटलं, केवढा नीट माणूस, आधी राखायची झाडं विचारून घेतोय, चुकून धक्का लागू नये म्हणून.

मी त्यांना ओळखीच्या वाटेवर नेलं. मिरवत नेलं. हे रामफळ, हे वाढवायचं. हा शिरीष, हा वाढवायचा. सिदूबा प्रत्येक झाडाशी थांबायचा, वर बघायचा, मान हलवायचा. बुचाशी आला तेव्हा घुटमळला.

"ह्यो कशाला गं? ह्येचा काय उपेग?"

"उपयोग बघून वाढवायचं असतं का?" मी म्हणाले. "वास बघा की."

त्यानं खाली वाकून एक फूल उचललं, हुंगलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की अजून ते बघणं माझ्या पाठीवर आहे. "लय वाढवायला लागलीस पोरी," म्हणाला. मग बुंध्याशी चिमूटभर हळद वाहिली, कपाळ टेकलं, पुटपुटला. मला भरून आलं. म्हटलं, याला म्हणतात झाड वाढवणारा माणूस.

सिदूबा पुढं गेल्यावर मी ठेकेदाराला सांगितलं, मागच्या भिंतीकडच्या बाभळी तेवढ्या तोडायच्या. हे शब्द मी त्याच्या तोंडावर म्हटलेत. 'तोडायच्या' म्हटलंय. ठेकेदार थांबला. माझ्याकडं बघितलं, पुढं गेलेल्या सिदूबाकडं बघितलं, आणि त्याच्या गालात एक हसू आलं. ते हसू मी इतकी वर्षं जपून ठेवलंय, माणसं दागिना जपतात तसं. त्याला कळलं होतं. दोन्ही वाढवण्यांतला फरक त्या आवारात एकट्या त्यालाच कळला होता.

"तुझंच अक्षर ना गं पाट्यांवर?" तो म्हणाला. "लिहून दे बाळ, म्हणजे घोटाळा नको."

आणि मी लिहून दिलं. वहीचं पान फाडलं, वर मोठ्या अक्षरात 'वाढवायची झाडं', खाली सात नावं. प्रत्येक कान्याला कळी. शेवटी नक्षीसुद्धा काढली. मग वेणी सावरत गाण्याला गेले.

चार वाजता परत येताना रस्त्यावरच वास आला. ओल्या लाकडाचा वास गोड असतो, हे कुणी सांगत नाही. फाटकात आले तर आभाळ फार मोठं झालेलं. शिरीष आडवा, शेंगा खुळखुळत होत्या तरीही. रामफळ, करंज, कवठ. बूच आडवं पडलेलं आणि त्याची पांढरी फुलं पालथ्या फांद्यांखाली चेंगरून तपकिरी झालेली. वास मात्र रोजच्यापेक्षा दुप्पट. जांभळात करवत अर्ध्यावर होती. चिंचेला कुऱ्हाडीचे दोन घाव बसले होते. मी दप्तर टाकलं आणि चिंचेला मिठी मारली.

सिदूबा धावत आला. "आगं, तूच की म्हनलीस वाढवा म्हनून."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. त्याला मात्र कळलं. तो मटकन खाली बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. ठेकेदार छत्रीच्या टोकानं ओंडके दाखवत होता, कुठला आधी गाडीत चढवायचा ते. अर्धं कापलेलं झाड उभं ठेवता येत नाही म्हणून जांभूळही पाडलं. चिंच तेवढी राहिली.

रविवारी उपासनेनंतर पंच बसले. ठेकेदारानं कागद पुढं केला, लेखी आहे म्हणाला. पाळकसाहेबांनी तो वाचून दाखवला. माझी सात कळीदार नावं त्यांच्या जड आवाजात एकेक करून देवळात पडली. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. आत्या शेजारी. पाळकसाहेबांनी विचारलं, हे कुणी सांगितलं लिहायला?

तिथं उठायचं होतं. दिवा विझव म्हण, बांगडी फुटली म्हण, खऱ्याला खरं म्हण, असं म्हणणारीनं तिथं उठून एवढंच म्हणायचं होतं की हे माझं आहे, आप्पांनी बाभळीच सांगितल्या होत्या, आणि मी या माणसाला तोंडावर 'तोडायच्या' म्हटलं होतं. मी रिबीन बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

आप्पा उठले. म्हणाले, "कागद माझा. पोरीनं मी सांगितलं ते लिवलं."

आप्पा देवळात खोटं बोललेले ते एकदाच. मी गप्प बसले. आत्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. आता मी खरं म्हणते का नाही, हेच ती बघत असणार.

आप्पांचं काम गेलं, महिनाभरात आम्ही आवारातलं घर सोडलं. सांगलीला एका शाळेत आप्पांना झाडलोटीचं काम मिळालं. जाताना कोळशाची मोटार. मागच्या बाकावर बसलो होतो आणि भट्टीचा धूर आत येत होता. मी नाक दाबत नव्हते. हुंगत होते. आत कोण जळतंय, रामफळ का शिरीष, ते ओळखू येतं का बघत होते. ओळखीच्या वाटेवर वाढलेली मुलगी, आणि धुराला नाव देता येईना. कऱ्हाड मागं पडल्यावर आप्पा बाहेर बघत म्हणाले, "अक्षर बाकी झकास हुतं तुझं."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मला त्यांचा राग आला, अजून येतो. माणसानं आपल्या मुलीला इतकं वाचवू नये की तिला जन्मभर वाचलेलंच राहावं लागेल. सांगलीत त्यांनी एकही झाड लावलं नाही. कोथिंबीर लावायचे, मेथी लावायचे, महिन्यात उपटून संपेल असं काहीतरी. शाळेच्या रस्त्यावरच्या वडाजवळून जाताना मात्र हात आपोआप पुढं जायचा आणि बुंध्यावर दोन टिचक्या. ते गेले तेव्हाही मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मग लग्न, मुलं, नोकरी. शिक्षिका होते, तीस वर्षं पोरांची अक्षरं सुधारली. हसा.

तर आज. प्रार्थना झाली, फीत कापली, टाळ्या झाल्या. मनोऱ्यामागं वळले आणि पायच थांबले. जिथं बूच होतं तिथून चार हातांवर, फरशा उचकटून, एक नाही, पाच-सहा बुचं उभी होती, एकमेकांना चिकटून, दुमजली उंच. खाली सडा. बुचाला वरून संपवता येत नाही, ते मुळातून फुटत राहतं. आप्पांना हे माहीत असणार. मला कधी बोलले नाहीत.

सेक्रेटरी मागून आला. चांगला मुलगा आहे, बूट स्वच्छ. म्हणाला, "आजी, हा पोर्शन जरा अ‍ॅडजस्ट करायचाय. फरशा उचलल्या जातायत."

"अ‍ॅडजस्ट म्हणजे?"

"म्हणजे ही झाडं थोडी शिफ्ट करू."

"शिफ्ट म्हणजे?"

"म्हणजे काढावी लागतील."

"काढणं दाताचं असतं, चित्राचं असतं, सहलीचं असतं. झाडाचं काय असतं बाळा?"

तो घाम पुसत म्हणाला, "तोडणार आहोत आजी. उद्या माणसं येतायत."

"हां," मी म्हटलं. "आता कसं स्पष्ट बोललास. तुझ्या वयात मला नव्हतं जमलं."

मग मी माईक मागितला. आभार मानायचेत असं वाटून त्यांनी दिला. मी उभी राहिले, त्याच देवळाच्या पायरीवर, आणि सांगितलं की पुस्तिकेतली ती ओळ खोटी आहे. त्या कागदावरचं अक्षर माझं होतं. माझ्या वडिलांनी चार वठलेल्या बाभळी सांगितल्या होत्या, सात झाडं मी दाखवली, आणि एका माणसाला ते कळत असून त्यानं ती नेली. विचारलं तेव्हा मी या देवळात बसून गप्प राहिले. नातीला वाटलं मी रडतेय. रडत नव्हते, चिडले होते. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तेवढी अक्कल लोकांना असते.

सेक्रेटरी म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीला मी नसेन, गठ्ठा इकडं आण.

गठ्ठा आता माझ्या पायाशी आहे. बुचाखाली खुर्ची टाकून बसले आहे आणि एकेक पुस्तिका उघडून 'माळ्याच्या' आणि 'चुकीमुळे' यांच्यामधल्या फटीत, वरच्या बाजूला, एक शब्द लिहिते आहे. 'मुलीच्या'. काना अजून सरळ येतो, आणि हो, शेवटी कळीसुद्धा. फुलं पानांवर पडतात, ती मी झटकत नाही, तशीच मिटून टाकते.

नात दोनदा येऊन गेली, अंधार पडायच्या आत सांगली गाठायची म्हणते. सेक्रेटरीही येऊन गेला, उरलेल्या मी करून घेतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, तुझं अक्षर मी पाहिलंय. उद्या झाडं तोडणारी माणसं आली तर त्यांना चहा दे, बसव. हा गठ्ठा संपेपर्यंत मी इथून उठणार नाही. आणि अक्षर चांगलं यायचं तर वेळ लागतो.